साखर मोजण्याच्या यंत्रातला सेल

विजेरीचे सेल उन्हात वाळत घातलेले तुम्ही पाहिले असतील, घातलेही असतील. आपल्याकडे विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात, आणि तिचा उजेड पिवळा पडू लागला की तिचे सेल काढून दुपारच्या उन्हात ओट्यावर ठेवायचे, हा घराघरांतला रिवाज होता. ट्रान्झिस्टरचे सेलही असेच पापडाशेजारी वाळत पडत. रात्री पुन्हा घातले की थोडा वेळ आवाज मोठा येई, आणि करणाराला वाटे की जमले!

जमत होते, पण थोडेसेच. जस्ताचे भांडे आणि मध्ये कोळशाची कांडी अशी त्या जुन्या सेलची घडण. वापरून दमलेल्या सेलला थोडी विश्रांती आणि थोडी ऊब मिळाली की आतल्या रसायनांची हालचाल वाढते आणि उरलीसुरली वीज बाहेर येते. ऊन त्यात नवीन काही भरत नाही. तळाशी राहिलेले ताक भांडे कलते करून ओतून घ्यावे, तसाच तो प्रकार.

आज ह्या रिवाजाची आठवण काढली ती एका वेगळ्या सेलसाठी. रक्तातली साखर मोजण्याचे यंत्र, म्हणजे ज्याला आपण ‘शुगरचे मशीन’ म्हणतो, ते आता खेड्यातही नवलाचे राहिलेले नाही. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. मशीन घरात येते, बोट टोचायला माणूस शिकतो, पट्टी कशी धरायची तेही शिकतो. पण त्याच्या पोटातल्या सेलकडे, तो बंद पडेपर्यंत, कोणी पाहत नाही. आणि तो बंद पडतो तेव्हा पुष्कळदा वेळ फार वाईट असते.

हा सेल उन्हात ठेवायचा नाही, हे पहिल्यांदा सांगून टाकतो. त्याच्या पोटात लिथियम नावाचा अतिशय हलका धातू असतो आणि दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड. लिथियमचे पाण्याशी पटत नाही, म्हणून आतले द्रावणही पाण्याचे नसते. असा सेल तापवला, ठोकला किंवा चार्ज करण्याचा खटाटोप केला, तर तो फुगतो, गळतो, क्वचित फुटतोही. संपला म्हणजे संपला.

आता त्याचे नाव. रेडिओवर हे आकडे कानावरून निघून जातात, म्हणून इथे छापून देतो. जवळ कागद असेल तर उतरवून घ्या. पुष्कळशा यंत्रांत नाण्यासारखा चपटा सेल असतो आणि त्याच्या रुंद तोंडावर इंग्रजी अक्षरांत सीआर २०३२ असे कोरलेले असते. हे आकडे उगाच घातलेले नाहीत. ‘सी’ म्हणजे लिथियम-मँगनीजची जात, ‘आर’ म्हणजे गोल आकार. पुढचे २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर, आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. शाळेतल्या मुलांना मोजपट्टी देऊन हे मोजायला लावले तर त्यांना गंमत वाटेल. नवा असताना हा सेल सुमारे ३ व्होल्ट देतो. विजेरीचा एक सेल दीड व्होल्टचा असतो.

आता ह्यावरून ओळखा की सीआर २०२५ म्हणजे काय. रुंदी तीच, जाडी मात्र अडीच मिलिमीटर. दुकानदार म्हणतो, “काका, २०३२ संपलाय, हा घाला, बसतो.” बसतो खरा, पण सैल बसतो. मग खाली कागदाची घडी सारायची, मशीन चालू करायचे. ऐन वेळी हात हलला की संपर्क तुटतो, आकडा येण्यापूर्वीच पडदा कोरा होतो, आणि रक्त लावलेली पट्टी वाया जाते. सेलपेक्षा पट्ट्यांवर आपला जास्त पैसा जातो, तेव्हा ह्यात बचत कुठली? तसाच तिसरा एक सेल मिळतो, एलआयआर २०३२ नावाचा. आकार हुबेहूब तोच, पण तो पुन्हा पुन्हा चार्ज करण्याचा असतो आणि त्याचा दाब ३ व्होल्टहून जास्त असतो. यंत्राच्या पुस्तिकेत त्याचे नाव नसेल तर तो घालू नये.

सगळ्याच यंत्रांत चपटा सेल नसतो. काहींत घड्याळात घालतात त्याहूनही बारीक असे दोन पेन्सिल सेल लागतात. तिथे दोन्ही एकदम बदलावेत आणि दोन्ही एकाच जातीचे असावेत. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावली तर दमलेला बैल चांगल्यालाही ओढतो. काही नव्या यंत्रांत सेल कायमचा बसवलेला असतो आणि तो मोबाईलसारखा चार्ज करावा लागतो. तुमच्याकडे कोणते आहे ते मागचे झाकण उघडून आजच पाहा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेले नाव उतरवून ठेवा.

आता लोक हमखास विचारतात तो प्रश्न. सेल कमजोर झाला की मशीन साखर चुकीची दाखवते का?

बहुधा नाही. का, ते थोडे समजून घेऊ. पट्टीच्या टोकाला एक जैविक पदार्थ, म्हणजे एन्झाइम, वाळवून लावलेला असतो. रक्ताचा थेंब त्याला भिडला की रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते आणि तिच्यातून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह सुटतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. यंत्र तो प्रवाह मोजते. पण मोजताना ते सेलच्या दाबावर विसंबत नाही. यंत्राच्या आत एक ठरावीक, स्थिर दाब राखण्याची सोय असते आणि मोजमाप त्याच्याशी ताडून होते. दुकानातला दिवा मिणमिणू लागला म्हणून तागडीतले किलोचे वजन हलके होते का? तसेच हे आहे. दिवा अगदी विझला तर दुकानदार तोलणेच थांबवील. यंत्रही तेच करते. आधी पडद्याच्या कोपऱ्यात सेलचे चित्र दाखवते, आणि पुढे ‘आता मोजणार नाही’ म्हणून बंद पडते.

म्हणून साखरेचा आकडा भलताच आला तर सेलवर खापर फोडण्यापूर्वी दुसरीकडे पाहावे. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले होते का? पट्ट्यांची मुदत संपली का? बोटाला गूळ, आंबा, केळे लागले होते का? आंबा खाल्लेल्या हाताने तपासणी करून घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत. हात साबणाने धुऊन कोरडे करून पुन्हा पाहावे.

एक घोटाळा मात्र फार धोक्याचा आहे आणि तो भाषेमुळे होतो. आपण सगळेच म्हणतो, ‘बॅटरी लो झाली.’ मोबाईलने ही सवय लावली. पण साखरेच्या यंत्रावर आकड्याच्या जागी इंग्रजीत ‘लो’ अशी अक्षरे उमटली तर ती सेलविषयी नसतात. साखर यंत्राच्या मापाच्याही खाली गेली, पुष्कळ यंत्रांत २० मिलिग्रॅमच्या खाली, असा त्याचा अर्थ. त्या वेळी घरातला कोणी ‘सेल संपला वाटते’ म्हणून दुकानाकडे पळाला, तर घरातले माणूस हातचे जाईल. तसेच ‘हाय’ अशी अक्षरे आली तर साखर मापाच्या वर, पुष्कळ यंत्रांत ६०० च्या वर, असे समजावे आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. सेलची खूण अक्षरांची नसून छोट्या सेलच्या चित्राची असते. घरात वाचता येणारा एकटाच असेल तर त्याने हा फरक बाकीच्यांना दाखवून ठेवावा.

आमच्या थोरल्या काकूंची गोष्ट सांगतो. त्या इन्शुलिन घेत. एके रात्री दोनच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. आम्ही मशीन काढले, तर पडदा कोरा. मग सेलची शोधाशोध. एकाने भिंतीवरचे घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला. तो कसा बसणार? दुसरा गाड्यांच्या किल्ल्या, रिमोट उघडीत बसला. दहा-बारा मिनिटे अशी गेली. शेवटी आजी आतून ओरडली, “अरे, ते यंत्र राहू द्या, तिला आधी साखरपाणी पाजा!” पाजले, आणि काकू हळूहळू ताळ्यावर आल्या. आम्ही सगळे शिकलेले, आणि शहाणपण आजीला सुचले.

तेव्हा हे पक्के ध्यानात ठेवा. मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, गोंधळल्यासारखे बोलणे, अशी लक्षणे दिसली आणि यंत्र चालत नसेल, तर साखर कमी झाली असेच धरून चालावे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. यंत्र चालत असेल तर ७० मिलिग्रॅमच्या खालचा आकडा म्हणजे साखर कमी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सेल नंतर शोधता येतो.

विजेरी आपल्याला आधी सूचना देते. तिचा उजेड आठ-आठ दिवस मंद होत जातो. लिथियमचा सेल तसा नाही. तो जवळजवळ अखेरपर्यंत आपले तीन व्होल्ट टिकवून धरतो आणि मग झपकन खाली येतो. त्यामुळे इलेक्ट्रिशियनच्या मीटरवर लावून ‘अजून चांगला आहे’ असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. काम पडल्यावर तो टिकतो की नाही ते यंत्रालाच कळते. पुष्कळ उत्पादक एका सेलवर साधारण १००० तपासण्या होतात असे सांगतात. दिवसाला दोन तपासण्या धरल्या तर सव्वा वर्षाहून अधिक झाले. पडद्यामागे दिवा असेल, किंवा यंत्र मोबाईलला आकडे पाठवीत असेल, तर कमी. सेलचे चित्र पहिल्यांदा दिसले की अजून थोड्या तपासण्या होतील, पण त्यावर विसंबू नये, त्याच दिवशी सेल बदलावा.

बदलताना घाई नको. यंत्र बंद करा. हात कोरडे करा. झाकण सरकवून जुना सेल नखाने किंवा प्लॅस्टिकच्या काडीने उचला. लोखंडी चिमटा वापरू नये, दोन्ही तोंडे एकदम धरली गेली तर सेल तिथल्या तिथे रिकामा होऊ लागतो. जुना सेल कसा बसला होता ते पाहून घ्या. रुंद, सपाट, अक्षरे कोरलेली बाजू ही अधिक चिन्हाची, आणि ती बहुधा वर येते. नवा सेल कडेने धरा, कोरड्या फडक्याने पुसून बसवा. काही सेलवर लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप दिलेला असतो. त्यामुळे यंत्र चालू झाले नाही तर पुन्हा एकदा पुसून पाहावे. यंत्र अगदी नवे असेल तर सेलखाली प्लॅस्टिकची पट्टी असते, ती ओढून काढल्याशिवाय काही सुरू होत नाही. हिच्यापायी यंत्र परत करायला निघालेले लोक आहेत!

सेल बसला, पडदा उजळला, की आपण समजतो काम झाले. पण खरी काळजी इथूनच पुढे घ्यायची असते. यंत्राच्या आठवणीतले जुने आकडे बहुधा शाबूत राहतात, पण घड्याळ पुष्कळदा पुसले जाते. यंत्र पुन्हा तारीख आणि वेळ विचारते आणि आपण कंटाळून कुठलेही बटण दाबून पुढे जातो.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी असेच केले. वेळ लावली, पण सकाळ-संध्याकाळ उलटी लागली, म्हणजे घड्याळ बारा तासांनी चुकले. गुरुजी नियमाचे. रोज सकाळी सातला उपाशीपोटी आणि रात्री साडेनऊला जेवणानंतर तपासायचे. सकाळचा आकडा ११० च्या आसपास, रात्रीचा २४० च्या. महिन्याने यंत्र घेऊन ते तालुक्याला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आठवणीतले आकडे चाळले, तर यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे सकाळी साडेनऊला २४० आणि संध्याकाळी सातला ११०. म्हणजे सकाळची साखर चढलेली. रात्रीचे इन्शुलिन वाढवावे, असे त्यांच्या मनात आले. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारले, “गुरुजी, सकाळी साडेनऊच्या आधी काय खाता?” गुरुजी म्हणाले, “साडेनऊला मी वाचनालयात असतो. त्या वेळेला मी तपासतच नाही.” मग घड्याळ पाहिले आणि उलगडा झाला. रात्रीचा डोस वाढला असता तर आधीच ११० असलेली पहाटेची साखर कुठवर उतरली असती, ते आमच्या काकूंच्या अनुभवावरून ताडता येईल.

म्हणून सेल बदलल्यावर तारीख, वेळ आणि सकाळ-संध्याकाळ ही तीन पाहावीत. आणि यंत्रावर सगळा भार न टाकता एका वहीत आकडा, वेळ आणि ‘उपाशी’ किंवा ‘जेवून’ एवढे लिहावे. वहीला सेल लागत नाही.

घड्याळाबरोबर एककही पाहावे. आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. तिकडच्या मुलाने किंवा भाच्याने आणलेले यंत्र असेल तर त्यावर १२.० असा आकडा आला की घरची माणसे हादरतात. तो १८ ने गुणावा. २१६ झाले, म्हणजे कमी नसून उलट जास्त. असे घाबरून साखर खाऊ घातली तर काय होईल ते सांगायला नको. आकड्यात दशांशचिन्ह दिसले की हे आठवावे. आता विकली जाणारी यंत्रे बहुधा एकाच एककाला बांधलेली असतात, पण काही जुन्या यंत्रांत वेळ लावताना एकक चुकून बदलले जाई. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने २००५ साली ह्याबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. फार जुन्या यंत्रांत पट्ट्यांच्या डबीवरचा संकेतांकही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. यंत्राबरोबर तपासणीचे द्रावण मिळाले असेल तर एक थेंब पट्टीला लावून, आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का ते पाहावे.

खरेदीविषयी थोडक्यात. सेल सुटा, बरणीत एकमेकांवर घासत पडलेला घेऊ नये. कागद-प्लॅस्टिकच्या बंद वेष्टनातला, वर मुदत छापलेला घ्यावा. चांगला सेल वेष्टनात कित्येक वर्षे टिकतो, म्हणून एक जादा आणून ठेवण्यात नुकसान नाही. वेष्टन फोडू नये. यंत्राच्याच पिशवीत ठेवावा, म्हणजे रात्री शोधावा लागत नाही.

ही सोय किती अलीकडची आहे ते तरुण श्रोत्यांना ठाऊक नसेल. अमेरिकेत टॉम क्लेमेन्स यांनी बनवलेले साखर मोजण्याचे पहिले यंत्र १९७० च्या सुमाराला निघाले, तेव्हा ते सव्वा किलोच्या आसपास वजनाचे होते. त्या वजनात मोठा वाटा शिशाच्या बॅटरीचा होता, आणि ते डॉक्टरांच्याच हाती असे. आज तीन ग्रॅमच्या सेलवर तेच काम चालते.

पण ह्या तीन ग्रॅमचीच एक भीती आहे. घरात रांगते मूल असेल तर पुढचे नीट वाचा. हा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतली त्वचा जळून खोल जखम होऊ शकते. सेल गळावाच लागतो असे नाही. ओल्या मांसाला दोन्ही तोंडे टेकली की वीज वाहू लागते आणि उण्या बाजूला तीव्र अल्कली तयार होते, ती भाजते. यंत्रात ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावा, मिठाच्या पाण्याने ओला करावा आणि सेलच्या दोन्ही तोंडांना टेकेल असा गुंडाळावा. थोड्या वेळाने उण्या तोंडाकडची हळद लाल होते, चुना लागल्यावर होते तशी. कुंकू हळदीचेच करतात, हे मुलांना माहीत असते. बाकी समजावायला वेळ लागत नाही. प्रयोग शिक्षकांनी स्वतःच्या हाताने करावा आणि सेल मोजून परत ठेवावा.

मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, काही खायला घालू नये, क्ष-किरण यंत्र असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि मध हाताशी असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध चाटवावा, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. त्यामुळे भाजणे थोडे लांबते. मधासाठी थांबू मात्र नये. नाकात किंवा कानात घातला तरी घाई तेवढीच.

जुना सेल काढला की त्याच क्षणी त्याच्या दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे तो दुसऱ्या सेलला किंवा खिळ्याला लागून तापणार नाही. चुलीत टाकू नये, उकिरड्यावर फेकू नये. वापरलेले सेल परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. २०२२ साली केंद्र सरकारने तसे नियम केले आहेत. खेड्यात ती पेटी अजून दिसत नाही, हे खरे. तोवर घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर साठवावेत, आणि तालुक्याला जाणे झाले की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. डब्यावर काय आहे ते ठळक अक्षरांत लिहा. आमच्या शेजारी एकाने तो डबा पेपरमिंटचा समजून उघडला होता.